नांव व स्थळ : जालना प्रांताच्या इतिहास-प्रवासाची आंखणी

स्पेन देशांत तॉर्मेस नदीच्या कांठीं सालामांका नांवाचें एक पुरातन नगर आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना इ. स. १२१८ मधील आहे. सोनेरी झांक असलेल्या दगडांत बांधलेलें तें नगर स्वच्छ उन्हांत पाहावें म्हणून यूरोपांतील थंड देशांचे लोक सुट्टी काढून तेथें जातात. आणि त्यांपैकीं ज्यांस इतिहासाची गोडी आहे ते नगर पाहून झाल्यावर जवळच्या आरापिलेस नांवाच्या दोन टेकड्यांकडे वळतात. या टेकड्यांच्या परिसरांत २२ जुलै १८१२ रोजीं वेलिंग्टननें फ्रेंच सेनापति मार्मों याचा मोड केला. लढाईच्या आदल्या सायंकाळीं इंग्रजी फौज तॉर्मेस नदी कोणत्या उतारानें ओलांडून आली, हेंहि जिज्ञासु प्रवासी नकाशा हातीं घेऊन पाहतो. परंतु याच सेनापतीनें त्यापूर्वीं नऊ वर्षें, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, दुसऱ्या एका नदीचा उतार शोधून जी लढाई मारली ती आपल्या जालना जिल्ह्यांतील असई गांवच्या शिवारांत झाली. तीच त्याच्या कीर्तीचा पाया होय. सालामांकेस जाण्याचे बेत सहा सहा महिने आधीं होतात. असईस जाण्याचा बेत करणारा मराठी वाचक मात्र विरळा.

आपल्याकडे प्रवास म्हणजे तीर्थयात्रा किंवा हवापालट अशी समजूत आहे. इतिहासाचें स्थळ हें कागदाइतकेंच अस्सल साधन असून तें जागेवर जाऊनच वाचावें लागतें, ही जाणीव अजून पुरतीशी रुजलेली नाहीं. प्रस्तुत लेखांत जालना शहर व त्याचा आसमंत यांच्या चार दिवसांच्या प्रवासाची आंखणी दिली आहे. ती देतांना एक सूत्र धरलें आहे. कागदावर आपणांस नांव मिळतें. तें नांव जमिनीवर कोठें बसतें, हें पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाहीं. या प्रांतांतील चारहि स्थळें हाच धडा निरनिराळ्या रीतीनें शिकवितात, आणि एके ठिकाणीं तर नांव व स्थळ यांची गल्लत एका मोठ्या लढाईस कारण झालेली आहे.

(१) ऋतु

या प्रांतीं उन्हाळ्यांत उष्णमान ४० अंशांच्या वर जातें. त्या दिवसांत उघड्या शिवारांतून हिंडणें अशक्यप्राय होय. पावसाळ्यांत काळ्या जमिनीचा चिखल पाऊल उचलूं देत नाहीं. सबब कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ प्रवासास योग्य, आणि त्यांतहि कार्तिक महिना उत्तम. नद्यांस थोडेंबहुत पाणी असतें, वाटा वाळलेल्या असतात आणि आकाश निवळलेलें असतें. पुढें रब्बीची ज्वारी वाढली म्हणजे सपाट दिसणाऱ्या शिवारांतील चढउतार झांकून जातात, व रणभूमि पाहणाऱ्याची निराशा होते. हिंवाळ्यांतील ऊन अभ्यासकास आणखी एका कारणानें उपकारक आहे. सकाळसंध्याकाळच्या तिरप्या उन्हांत झिजलेल्या शिलालेखाचीं अक्षरें उठून दिसतात. जुन्या पांढरीचे उंचवटे व बुजलेल्या खंदकांच्या रेघा सांवलीमुळें ओळखूं येतात. भर दुपारीं तींच स्थळें मुकीं होतात. म्हणून दुपार विश्रांतीस किंवा टिपणांस ठेवावी व पाहणी सकाळीं आणि सायंकाळीं करावी.

जालना हें मनमाड-नांदेड लोहमार्गावर असून छत्रपति संभाजीनगरापासून सुमारें ६० किलोमीटर आहे. मुक्काम जालन्यास ठेवून बाकीचीं ठिकाणें तेथून करावीं, हें सोयीचें.

(२) पहिला दिवस : जालना

शहर कुंडलिका नदीच्या दोहों तीरांवर वसलेलें आहे. एका तीरावर जुना जालना व दुसऱ्यावर कादराबाद. नांवाविषयीं दंतकथा आहेत. येथें पूर्वीं जानकीच्या नांवाचें नगर होतें आणि पुढें एका सधन मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, इच्छेवरून त्यास जालना हें नांव पडलें, अशी एक कथा सांगतात. अशा व्युत्पत्तींवर इतिहासाची इमारत उभारूं नये. तथापि त्या टाकूनहि देऊं नयेत. हें गांव विणकरांचें व व्यापाऱ्यांचें होतें, ही आठवण या कथेंत टिकून राहिली आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण तीच गोष्ट सांगते.

ही संपत्तीच इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींच्या स्वारीस कारण झाली. दिलेरखान विजापुराकडे गुंतला होता; त्यास मागें खेंचावें व मोंगली मुलखांतून द्रव्य मिळवावें, असा दुहेरी हेतु स्वारीच्या मुळाशीं दिसतो. जालन्याची पेठ चार दिवस लुटली गेली. या प्रसंगाचे दोन वृत्तांत प्रवाशानें जवळ बाळगावे. एक खाफीखानाचा. तो म्हणतो कीं, सधन लोकांनीं सय्यद जान महंमद नांवाच्या साधूच्या स्थानीं चीजवस्तूंसह आश्रय घेतला होता. मराठी फौजेनें त्या स्थानाची मर्यादा राखिली नाहीं, आणि साधूच्या शापानें शिवाजीचा लवकरच अंत झाला. दुसरा वृत्तांत सभासदाचा. त्याचा भर परतीच्या वाटेवरील लढाईवर आहे. रणमस्तखानानें गांठलें, सिधोजी निंबाळकर पडला, आणि बहिर्जी जासुदानें आडवाटेनें फौज काढून पट्टा किल्ल्यास पोंचविली, असें तो सांगतो.

या दोहोंचा निवाडा करितांना घाई करूं नये. खाफीखान हा पुष्कळ वर्षांनंतर लिहिणारा व मोंगली पक्षाचा. परंतु धर्मस्थानांस उपद्रव देऊं नये असा शिवाजीचा दंडक होता, हेंहि त्यानेंच लिहून ठेविलें आहे. तेव्हां केवळ वैरी म्हणून त्याची साक्ष फेटाळतां येत नाहीं. साधूच्या स्थानावर लूट झाली, ही बातमी आहे. शापानें मृत्यु आला, हा ग्रंथकाराचा अभिप्राय आहे. महाराजांचें निधन ३ एप्रिल १६८० रोजीं, म्हणजे सुमारें साडेचार महिन्यांनंतर झालें. पण मागून घडलें म्हणून त्यामुळें घडलें, असें होत नाहीं. बातमी व अभिप्राय हीं वेगळीं करून पहिलीचा विचार पुराव्यानें करावा व दुसरा ग्रंथकाराच्या पदरीं घालावा.

पेठ, नदी व भोंवतालचीं जुनीं धर्मस्थानें यांमधील अंतरें पायीं चालून पाहिलीं म्हणजे या वृत्तांतांस देहस्वरूप येतें. मग नकाशावर जालन्यापासून पट्ट्यापर्यंत रेघ ओढावी. सरळ रेषेंतच तें अंतर २०० किलोमीटरांहून अधिक भरतें. लुटीचें ओझें घेऊन, पाठीवर शत्रु असतां, हा पल्ला गांठणें म्हणजे काय हें तेव्हां उमजतें. त्या दिवशीं राज्य वांचलें तें वाटा ठाऊक असलेल्या एका माणसामुळें, हें विसरूं नये. असईस हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे.

येथें एका चुकीपासून सावध राहावें. शहरांतील किल्ला पाहून याच तटाखालून शिवरायांचे स्वार गेले असतील असें प्रवाशास सहज वाटतें. परंतु हा किल्ला निजाम-उल्-मुल्काच्या आज्ञेवरून काबिलखानानें इ. स. १७२५ मध्यें बांधिला. म्हणजे स्वारीनंतर ४६ वर्षांनीं. स्थळ खरें असलें तरी त्यावरील वास्तु त्याच काळाची असते असें नाहीं. इ. स. १८०३ मध्यें मात्र हा किल्ला उभा होता व शिंद्यांच्या ताब्यांत होता. त्या वर्षीं २ सप्टेंबर रोजीं कर्नल स्टीव्हन्सननें तो घेतला.

(३) दुसरा दिवस : राजूर व भोकरदन

उत्तरेस भोकरदनच्या वाटेवर सुमारें २५ किलोमीटरांवर राजूर येथें गणपतीचें प्रसिद्ध स्थान आहे. दर्शन घेऊन पुढें केळणा नदीच्या तीरावरील भोकरदन गांठावें. आज हें तालुक्याचें साधें गांव दिसतें. पण त्याचें पूर्वींचें नांव भोगवर्धन. सांची व भरहूत येथील स्तूपांस दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत, हें तेथील ब्राह्मी लेखांवरून कळतें. नांव असें शेंकडों कोसांवरच्या दगडांवर सांपडलें. त्याचें स्थळ कोणतें, याचा उलगडा भोकरदनच्या पांढरीनें केला. नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें व त्याचा वृत्तांत १९७४ मध्यें प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन वस्तीचे विपुल अवशेष त्यांत मिळाले. त्यांतच एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग आहे. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं एक भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली. भोकरदनची मूर्ति व ही यांत इतकें साम्य आहे कीं, पाँपेईची मूर्ति याच बाजूच्या कारागिरांच्या हातची असावी असा तर्क विद्वानांनीं केला आहे. तर्क तो तर्कच. परंतु केळणेच्या कांठचें एक गांव रोमी व्यापाराच्या कक्षेंत होतें, एवढें मानण्यास तो पुरेसा आहे.

गांवालगत नदीकांठीं खडकांत कोरलेलें वैष्णव लेणें आहे. त्याचा काल इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. तें सकाळच्या उन्हांत पाहावें. मग नदीच्या पात्रांत उतरून तिची खोली, कांठांची उंची व उतरण्याजोग्या जागा नीट न्याहाळाव्या. दुसऱ्या दिवशींच्या पाहणीस ही तयारी अत्यंत अवश्य आहे. कारण असईची लढाई याच नदीच्या खालच्या अंगास झाली.

(४) तिसरा दिवस : असई

इ. स. १८०३ च्या ऑगस्टांत युद्धास तोंड लागलें. १२ ऑगस्ट रोजीं अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखांत शिरल्या होत्या. २१ सप्टेंबर रोजीं बदनापूर येथें वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनीं निरनिराळ्या वाटांनीं उत्तरेस जावें व २४ तारखेस एकवटून मराठ्यांवर हल्ला करावा, असें ठरलें.

जासुदांनीं बातमी आणिली कीं शत्रूचा तळ भोकरदनास आहे. वेलस्लीनें भोकरदन म्हणजे कसबा भोकरदन असें धरिलें. वस्तुतः भोकरदन हें परगण्याचेंहि नांव होतें. मराठ्यांची छावणी भोकरदनच्या बाजूपासून पूर्वेस असईपर्यंत कित्येक मैल पसरली होती, आणि पायदळ व तोफा असईच्या अंगास होत्या. यामुळें २३ तारखेस मुक्कामाच्या जागीं येतांच शत्रु आपल्यापासून अवघ्या कांहीं मैलांवर असल्याचें त्यास कळलें. स्टीव्हन्सन दूर होता. वेलस्लीनें पुढें स्वतःच्या पत्रांत या गैरसमजाचें कारण नमूद केलें आहे. मौजे, कसबा व परगणा यांचीं नांवें एकच असणें ही आपल्या दप्तरांत नित्याची गोष्ट. आपल्यापैकीं कित्येकांनीं जुनीं कागदपत्रें वाचतांना हीच चूक केली असेल. येथें ती चूक एका सेनापतीनें केली व त्यामुळें ठरल्याच्या आदल्या दिवशींच त्यास एकट्यानें लढाई द्यावी लागली.

आतां प्रवाशानें केळणेच्या दक्षिण तीरावर उभें राहून उत्तरेकडे पाहावें. समोर केळणा, तिच्या पलीकडे जुई, व पूर्वेस दोहोंचा संगम. मधील जिभेसारख्या चिंचोळ्या भूमीवर मराठी फौज दक्षिणेस तोंड करून उभी होती. इंग्रजी पत्रांतील ‘कैतना’ व ‘जुआ’ त्या ह्याच नद्या. शिंद्यांचे कवायती कंपू दहा-अकरा हजारांचे, त्यांवर हॅनोव्हरकडील पोलमन हा मुख्य. याखेरीज बेगम समरूचीं पलटणें, इतर पायदळ, सुमारें शंभर तोफा आणि हजारों स्वार. वेलस्लीजवळ पेशवे व म्हैसूरकर यांचे स्वार धरून नऊ-साडेनऊ हजारांची फौज. समोरून नदी ओलांडणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें होतें. पूर्वेस उतार आहे काय, असें विचारतां वाटाड्यांनीं नाहीं म्हणून सांगितलें. वेलस्लीनें दुर्बिणींतून पाहिलें, तों नदीच्या या तीरीं पिंपळगांव व त्याच्या समोर पलीकडे दुसरें गांव, ज्याचें नांव इंग्रजी लेखांत ‘वारूर’ असें येतें, अशीं दोन गांवें दिसलीं. समोरासमोरच्या दोन गांवांत येजा असणारच आणि येजा असेल तर उतारहि असलाच पाहिजे, असें अनुमान त्यानें केलें. तें खरें ठरलें. नांवानें फसलेल्या सेनापतीस स्थळानें तारिलें.

तो उतरून संगमाजवळ मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. पोलमननेंहि कसूर केली नाहीं. दक्षिणेकडील तोंड फिरवून त्यानें आपली रांग पूर्वाभिमुख केली. तिची उजवी बाजू केळणेस व डावी असई गांवास टेकली. कवायती पलटणें अशी हालचाल इतक्या चपळाईनें करतील ही वेलस्लीची अपेक्षा नव्हती. असईच्या तोंडावर ७४ वी पलटण अक्षरशः कापली गेली. मराठी गोलंदाज तोफांपाशीं मेल्यासारखे पडून राहिले व शत्रु पुढें जातांच उठून त्यांनीं त्याच तोफा त्याच्या पाठीवर फिरविल्या. इंग्रजांचे ४२८ ठार व अकराशेंवर जखमी झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. दोन्हीं सरदार स्वारांसह आधींच रणांतून निघाले होते. झुंजले ते कंपू आणि गोलंदाज. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पोंचला.

या सर्वांचा पडताळा जमिनीवर घेतां येतो. केळणा व जुई यांच्यामधील अंतर पायीं मोजलें म्हणजे एवढी मोठी फौज अरुंद जागेंत कां आंखडली हें कळतें; तिच्या हजारों स्वारांस फांकण्यास वाव कां नव्हता, तेंहि कळतें. मात्र आजची नदी ही १८०३ ची नदी नव्हे, हें ध्यानांत असूं द्यावें. जुईवर आतां धरण झालें आहे, आणि त्या वर्षीं लढाई पावसाळ्याच्या अखेरीस झाली होती.

(५) चौथा दिवस : अंबड व जांब

चौथ्या दिवशीं दक्षिणेस २५ ते ३० किलोमीटरांवरील अंबड करावें. येथील मत्स्योदरी देवीचें स्थान माशाच्या आकाराच्या टेकडीवर असून नांव त्या आकारावरूनच पडलें, असें सांगतात. टेकडी दुरून न्याहाळल्यास या नांवाची खूण पटते. नांव व स्थळ यांचा असा उघड मेळ क्वचितच पाहावयास मिळतो. मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनीं केला. अंबडचा भाग होळकरांचा, जालना शिंद्यांचें. दोहोंमध्यें एका मजलेचें अंतर. तरीहि १८०३ च्या सप्टेंबरांत शिंदे-भोसले लढत असतां यशवंतराव होळकर दूर राहिले. आदल्याच वर्षीं, २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, पुण्याजवळ त्यांनीं शिंदे व पेशवे यांचा पराभव केला होता. बाजीराव वसईस पळाला आणि ३१ डिसेंबर रोजीं त्यानें इंग्रजांशीं तह केला. होळकर इंग्रजांशीं लढले ते १८०४ मध्यें, शिंदे व भोसले शरण गेल्यानंतर. असईच्या पराभवाचें कारण केवळ केळणेच्या उतारांत शोधूं नये; तें अंबड-जालन्याच्या वाटेवरहि शोधावें.

तेथून गोदावरीच्या खोऱ्याकडे जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान आहे (इ. स. १६०८). प्रवासाची अखेर तेथें करावी. ज्यांस सवड आहे त्यांनीं जिल्ह्याच्या सीमेपलीकडील सिंदखेड राजा, मातुःश्री जिजाबाईंचें जन्मस्थान, अवश्य जोडून घ्यावें.

(६) समारोप

असईचा निकाल ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगांवच्या तहांत उतरला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील आपला मुलूख शिंद्यांनीं सोडिला. त्यांत जालनापूरचा किल्ला व परगणा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढें तो निजामाकडे गेला व सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या अमलाखालीं राहिला. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० मध्यें महाराष्ट्र झालें, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा बनला. एका दुपारच्या झुंजीनें या प्रांताचें सुमारें दीडशें वर्षांचें भवितव्य ठरविलें.

त्या झुंजीचा तपशील आपण वाचतों तो बहुतांशीं जेत्याच्या पत्रांतून. त्यांत इंग्रज अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत. तोफांवर पडलेल्या गोलंदाजांचीं नाहींत. त्या माणसांचें नांव आपल्या हातीं नाहीं, पण स्थळ आहे. तेव्हां या प्रवासास जाणाऱ्यानें मोकळ्या हातानें परत येऊं नये. प्रत्येक उताराचें, शेताचें, ओढ्याचें व जुन्या वाटेचें स्थानिक नांव उच्चाराप्रमाणें टिपावें. तें कागदांत कसें लिहिलें आहे तें शेजारीं लिहावें. आणि नकाशावर खूण करावी. गांवांतील वृद्धांस जीं नांवें ठाऊक आहेत तीं पुढल्या पिढीस ठाऊक राहतीलच असें नाहीं. शेतें एकत्र होतात, रस्ते सरळ होतात, नद्यांचे उतार पुलांखालीं लपतात. सालामांकेच्या टेकड्यांसंबंधीं असें टिपण पुष्कळांनीं करून ठेविलें आहे. केळणेच्या कांठचें टिपण आपल्यावांचून दुसरें कोण करणार?